अनुश्रीचा चातुर्मास

४ मार्च २००४, गुरुवार

श्री गजानन प्रसन्न.

आज शेखरभाऊजींचं पार्सल आलं. आलेल्या वस्तू अशा: गाण्याच्या सीड्या अकरा. माईक एक, काळा, मुठीएवढ्या डोक्याचा. कानाला लावायचे मोठे फोन, एक जोड. ह्यांच्यासाठी कॉफीचा डबा. माझ्यासाठी निळ्या खड्यांची माळ, जी मी घालणार नाही. कस्टमचे ३४० भरले, पोस्टमनला १०. एवढ्यात महिन्याचं तेल आलं असतं.

भाऊजी मालाच्या जहाजावर आहेत. जहाज सध्या जमैका नावाच्या बेटाला लागतं. ह्यांचा एकुलता एक धाकटा भाऊ, म्हणून मी काही बोलत नाही.

अनुश्रीनं पार्सलची सुतळी दातानं तोडली. बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली पोट्टी. दुपारभर सीड्या लावून बसली. एक माणूस घाईघाईनं भांडावं तसं काहीतरी म्हणतो आणि मागे ढोल चुकल्यासारखा वाजतो.

"हे गाणं आहे का भांडण?" मी विचारलं.

"डान्सहॉल है, मम्मी. उधर का धुमाल समझो."

आपल्या रायपुरात वरातीपुढे ट्रकवर ढोल, ताशे, कॅसिओ आणि भिंतीएवढे भोंगे लादून नेतात, तो धुमाल. म्हणजे तिकडेही लोकांना झोप नको आहे.

१९ मार्च

रोज सायंकाळी दिवाबत्तीच्या वेळेला ती कोठीच्या खोलीत दार लावून सीडीतली एकच ओळ तीस-चाळीसदा म्हणते. शब्द इंग्रजी म्हणावेत तर इंग्रजी नाहीत. मी मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकले, एक ओळखू आला नाही. आज शेजारच्या शांताबाई भिंतीवरून म्हणाल्या, "काहून वं कमला, पोट्टीच्या अंगात येते का?"

मी म्हटलं, बँकेच्या परीक्षेचं पाठांतर आहे. खोटं बोलले. रात्री दोन माळा जास्त ओढल्या.

तेलीबांध्याला विकीचा धुमाल आहे. तो हिच्या कॉलेजात होता. त्याच्या गोदामात काँप्युटर आहे, त्यावर आवाज भरतात म्हणे. तिनं एक कॅसेट भरून भाऊजींना पाठवली.

१२ एप्रिल

भाऊजींचं पत्र आलं. त्यांनी ती कॅसेट तिथल्या एका गाण्याच्या दुकानात वाजवली. दुकानाची मालकीण म्हातारी बाई. ती पोट धरधरून हसली. म्हणाली, गळा चांगला आहे, पण ही पोरगी आमचंच उष्टं आम्हालाच वाढून राहिली. तिची आई रागावली की काय बोलते, ते गायला सांगा.

पत्र वाचून अनुश्री जेवली नाही. मला बरं वाटलं, आता सुटेल खूळ.

१५ एप्रिल

सुटलं नाही. पण एक चांगलं झालं. तीन वर्षांनी पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. मी गहू निवडत होते. म्हणाली, "मम्मी, वो भुलाबाईवाले गाने सुनाओ ना."

मी म्हटलं, भुलाबाई भादव्यात मांडतात, चैतात नाही. तरी सांगितलं. लहानपणी अचलपूरला आम्ही पोरी पाटावर भुलाबाई बसवून घरोघर जायचो आणि गाण्यातून सासू, नणंद, जाऊ, एकेकीला टोचायचो. एकीनं टोचायचं, बाकीच्यांनी तीच ओळ मागून ओढायची. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. गाता गाता माझा आवाज फाटला. तिनं वहीत लिहून घेतलं आणि बोटांनी सुपावर ताल धरला. त्या तालात माझं गाणं नीट बसलं, हे मला आवडलं नाही आणि आवडलंही.

"और ग़ुस्से में तुम क्या बोलती हो?"

"मी कुठं रागावते?"

तिनं तेही लिहून घेतलं.

३ मे

लिहू की नको, दोन दिवस विचार केला.

परवा तेलीबांधा तलावाकडच्या लग्नाला विकीचा धुमाल होता. अनुश्री "मैत्रिणीकडे जाते" म्हणून गेली. शांताबाईंनी मला ओढत नेलं. "चल वं, तुही पोट्टी ट्रकवर चढली म्हणतेत."

ट्रकवर ती. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, हातात तो काळा माईक. ढोल सुरू झाला आणि ती बोलायला लागली. गात नव्हती, बोलत होती, पण ते गाणंच होतं. शब्द आपले होते. वऱ्हाडी, मधूनच छत्तीसगढी, मधूनच तिकडचा एखादा. माझ्या भुलाबाईची चाल उलटी करून घातली होती, जशी गोधडीची आतली बाजू वर करावी. पोरं ओरडत होती, "हव दीदी, हव!" म्हाताऱ्यासुद्धा टाळ्या देत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. असा काटा मला फक्त आरतीत येतो.

मग ती म्हणाली,

डब्याले कुलूप, दाराले कुलूप, कुलूप माह्या मायचं,
तोंडाले कुलूप लागन कसं, तोंड हाय बायचं!

पाच-सहाशे माणसं ओढत होती. कुलूप माह्या मायचं. शांताबाई हसल्या, माझ्याकडे पाहून आणखी हसल्या. मीही हसले. न हसते तर सगळ्यांना कळलं असतं.

साखरेच्या डब्याला मी कुलूप लावते हे खरं आहे. दोन खोल्यांत चार वर्षं काढली आणि पोरगी शिकवली, ती कुलपामुळेच.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बुरा मत मानो मम्मी, उसमें ऐसा ही होता है. जिसको मानते हैं, उसी को मारते हैं."

मी म्हटलं, "मी काहीच मानलं नाही."

९ जून

भाऊजींचं पत्र आणि एक छापील कागद आला. विकीनं त्या लग्नातलं गाणं भरून पाठवलं होतं. तिकडचा एक मोठा वाजवणारा नोव्हेंबरात मुंबईला येतो आहे. त्यानं साऱ्या देशातून तीन आवाज निवडले, त्यात हिचा एक. ५ नोव्हेंबरपासून दहा दिवस. रेकॉर्ड निघेल. भाऊजी लिहितात, दुकानातली म्हातारी या वेळी हसली नाही, उठून उभी राहिली.

हे तर कॉफीचा कप घेऊन अंगणात नाचले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, बी.पी.चा.

अनुश्रीनं पहिलं गाणं कोणतं भरणार ते सांगितलं. तेच. कुलुपाचं.

१७ जून, गुरुवार

श्री गजानन प्रसन्न. श्री गजानन प्रसन्न.

परवा पहाटे ह्यांना छातीत कळ आली. विकीच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. दोन रात्री मी आणि अनुश्री बाकावर. आज सकाळी दहा वाजता डॉक्टर म्हणाले, धोका टळला, रविवारी घरी न्या. अनुश्री तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती.

बारा वाजता मी गजानन महाराजांच्या देवळात गेले. महाराजांपुढे पदर पसरला आणि नवस बोलले की ह्यांना बरं वाटू दे, माझी मुलगी चातुर्मासभर मौन पाळेल. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत एक शब्द बोलणार नाही, गाणार नाही.

दहा वाजता धोका टळला होता, मग बारा वाजता काय मागितलं, असं मनात आलं. पण पुढचंही आयुष्य असतंच. माझ्या नावानं बोलले असते तर घर कोणी चालवलं असतं? भाजीवाल्याशीसुद्धा बोलावं लागतं. आणि जी गोष्ट माणसाला जड नाही, ती देवाला देऊन काय उपयोग?

२० जून

हे घरी आले. अशक्त आहेत. जेवताना मी नवसाचं सांगितलं.

अनुश्रीनं घास परत ताटात ठेवला. "मन्नत तुमने माँगी. मेरे मुँह से?"

"आईनं लेकराच्या नावानं बोललेला नवस लेकरालाच फेडावा लागतो. माझ्या आईनं माझ्या नावानं बोलला होता, मी अनवाणी बारा कोस चालले."

हे म्हणाले, "अवं कमला, मले बरं डॉक्टरनं केलं."

"डॉक्टरचं बिल दिलं नं? मग देवाचं काहून ठेवायचं?"

"और नहीं किया तो?" अनुश्री.

"मी काय सांगू? ज्याच्यासाठी बोलला, त्याच्यावर येतं."

तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाणी पीत होते, गिलास दातावर वाजत होता. मग तिनं बोटांवर मोजलं. उनतीस जून, उनतीस जुलाई, अगस्त, सितंबर, अक्टूबर. "चार महीना. उनतीस अक्टूबर को छूटूँगी. पाँच को मुंबई. ठीक है. पापा के लिए."

मी ताट उचललं.

२९ जून, आषाढी एकादशी

पहाटे तिला ओवाळलं. पाटी आणि पेन्सिल दिली. ती म्हणाली, "मम्मी, कोई आख़िरी बात?" आणि हसली. मी म्हटलं, महाराजांचं नाव घे. तिनं घेतलं. त्यानंतर घर शांत.

१८ जुलै

आजपासून अधिक श्रावण. यंदा चातुर्मास पाच महिन्यांचा, कार्तिकी २२ नोव्हेंबरला येते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जानेवारीपासूनच छापलेलं आहे. नवस बोलताना माझ्या ध्यानात नव्हतं, असं मी महाराजांपुढे म्हणू शकत नाही.

तिला सांगितलं नाही. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी चातुर्मास म्हटलं होतं, चार महिने तिनंच मोजले.

२ सप्टेंबर

पोरगी मन लावून पाळते आहे, हे कबूल करायला हवं. विंचू चढला असं वाटून अंगणात दचकली, तरी ओठ घट्ट. (झुरळ होतं.) विकी येतो, तो बोलतो, ही पाटीवर लिहिते. तो म्हणाला, "काकी, आवाज़ में जंग लग जाएगी." मी म्हटलं, देवाच्या कामात गंज लागत नाही.

कानाला ते फोन लावून ती बसते आणि ओठ हलवते. आवाज नाही, पण गळ्याची शीर दिसते. ओठ हलवणं मौनात बसतं का, ते देवळातल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बसतं, जपसुद्धा तसाच करतात. तरी घरी येऊन मी फोन आणि माईक कपाटात ठेवले. नवस गुरुजींनी बोललेला नाही.

त्या दिवशी तिनं पाटीवर काहीच लिहिलं नाही.

शांताबाई म्हणतात, "तुहं घर देऊळ झालं वं." मला आवडलं.

२९ ऑक्टोबर

ती पहाटे नाहून, बॅग भरून स्वयंपाकघरात आली. माझ्या पाया पडली. उठली, श्वास घेतला आणि तोंड उघडलं. "म" एवढाच आवाज निघाला, फाटका, दार कुरकुरावं तसा. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताला कणीक होती.

दुसऱ्या हातानं कॅलेंडर दाखवलं. "अधिक आला नं यंदा. अजून चोवीस दिवस."

तिनं कॅलेंडर पाहिलं. महिने पुन्हा मोजले. मग माझ्याकडे अशी पाहायला लागली की मलाच बोलावं लागलं. "मले काय पाहतं? पंचांग मी छापलं का?"

हे बाहेरून ओरडले, "जाऊ दे न वं तिले! मी मेलो तरी चालन!"

"बघ," मी तिला म्हटलं, "बाप काय बोलून राहिला ते ऐक."

३१ ऑक्टोबर

काल रात्री ह्यांना छातीत दुखलं. डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी काढली. गॅस आहे म्हणाले, चणाडाळ कमी करा. अनुश्री दवाखान्याच्या दारात पाटी धरून उभी होती, त्यावर लिहिलं होतं, "क्या हुआ?"

मी म्हटलं, "आता बरं आहे."

एवढंच म्हटलं. त्यात खोटं काही नाही.

३ नोव्हेंबर

विकी तिकिटं घेऊन आला, गाडी रात्रीची. "अनु, चल. बोलना मत रास्ते में, वहाँ जाके बोल. काकी, भगवान भी छुट्टी देता है."

"मग देवाची चिठ्ठी आण," मी म्हटलं.

अनुश्रीनं पाटीवर लिहिलं: पापा. आणि पाटी त्याच्यापुढे धरली. तो वाचून वळला. गेल्यावर चप्पल ठेवतो तिथं एक तिकीट सापडलं. परत केलं तर अर्धे पैसे मिळतात, पण मुदत टळली होती.

रात्री गाडी सुटायच्या वेळेला ती ह्यांचे पाय चेपत बसली होती.

२२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

उद्यापन केलं. अकरा सवाष्णी, शिंगाड्याचा शिरा. अनुश्रीला पाटावर बसवलं. गुरुजी म्हणाले, मौन सुटलं, महाराजांचं नाव घ्या. सगळ्या बायका कान लावून. ती बसून राहिली. मी म्हटलं, बोल बाई. शांताबाई म्हणाल्या, "लाजून राहिली." अर्धा तास झाला, शिरा गार झाला, बायका फराळ करून गेल्या.

मग तिनं पाटी मागितली. लिहिलं, मराठीत, जे ती कधी लिहीत नाही: "नवस फिटला. आता हे माझं."

हे उठून आत गेले.

१२ डिसेंबर

आर्वीचे लोक पाहून गेले. शेतीच्या अवजारांचं दुकान, मुलगा एकटा, हुंडा नको. मुलाची आई मीराबाई म्हणाल्या, "आजकालच्या पोरी किती वटवट करतेत. तुमची पोरगी कशी शांत." मी म्हटलं, पाच महिन्यांचं मौन केलं आहे तिनं वडिलांसाठी. मीराबाईंनी तिथल्या तिथं तिच्या हातावर साखर ठेवली. पाहा, महाराज कुठून कुठे फळ देतात.

अनुश्रीला विचारलं, पसंत आहे? तिनं मान हलवली. जोर कोणीच केला नाही. हे म्हणाले, "तिले तोंडानं म्हणू दे." मी म्हटलं, तुमच्या-माझ्या वेळी तरी कोण तोंडानं म्हणालं होतं?

विकी दोनदा दारावरून गेला, आत आला नाही. मुंबईची रेकॉर्ड दोनच आवाजांत झाली म्हणतो.

१० फेब्रुवारी २००५

लग्न लागलं. नाव घ्यायला सांगितलं तेव्हा तिनं खाली पाहिलं, लोकांनी लाज समजून टाळ्या वाजवल्या. वरातीला धुमाल नको म्हणून मी बजावलं होतं. बँड होता. निघताना पोरी रडतात. ही रडली, पण आवाज नाही. रडताना आवाज दाबता येतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

२० मार्च

आर्वीला दर रविवारी फोन लावते. फोन त्यांच्या दुकानात आहे. जावई तिला बोलावतो. ती येते, श्वास ऐकू येतो. मी तीन मिनिटं बोलते, काय शिजवलं, कोण आलं, ह्यांची तब्येत. मग ठेवते. हे बोलायला उठतच नाहीत. हल्ली घरात माझाच आवाज असतो. काल मी साखरेच्या डब्याशी बोलत होते, ते शांताबाईंनी ऐकलं.

२४ एप्रिल

मीराबाईंचं पत्र आलं. जसं लिहिलं तसं इथे उतरवते: "अडीच महिने झाले, सून एक शब्द बोलली नाही. लोक विचारून राहिले. गळ्याच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला गळ्यात काही दोष नाही, जन्माची मुकी नसेल तर बोलायला पाहिजे. तुम्ही आम्हाले मुकी पोरगी मौनाच्या नावावर खपवली. अक्षय तृतीया झाली की आणून घालतो."

ह्यांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "लिही आता."

देवापुढे बसून उत्तर लिहिलं. नक्कल ठेवते:

सौ. मीराबाईंना कमलाचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. माझी मुलगी मुकी नाही, हे मी महाराजांच्या पायावर हात ठेवून लिहिते. पाच-सहाशे माणसांनी तिला ऐकलं आहे. कुठे आणि काय ऐकलं, ते विचारू नये, पण ती बोलली की गल्ली थांबते. आणून घालू नये. इथे आणली तर ती बोलणार नाही, हे मला माहीत आहे. काहून, ते मला सांगता येत नाही.

तुम्ही एकदा तिला रागावून पाहा. स्वयंपाकाला नावं ठेवा, माहेरची खोड काढा, माझ्याबद्दल वाटेल ते बोला, मी वाईट वाटून घेणार नाही. कोणी टोचलं की तिच्या तोंडाला शब्द येतो, असा तिचा स्वभाव होता. त्यानं नाही झालं तर दोन दिवस वाढू नका, उपाशी माणूस मागतोच. फक्त तिच्या वडिलांचं काही वाईट-साईट सांगून बोलवायला पाहू नका. तसं केलं तर ती आणखी गप्प बसेल.

ती बोलली की तेव्हाच कोणीतरी जवळ कागद घेऊन असावं. पहिला शब्द काय निघाला, आणि त्यात माझं नाव असलं तर कसं घेतलं, शिवी असली तरी न गाळता, परतीच्या टपालानं कळवा.